काट्याचा नायटा

मराठी भाषेची काळजी करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. इंग्रजी शब्द घुसले, ऱ्हस्वदीर्घ बिघडलं, पोरं 'मला मदत कर' म्हणायचं सोडून 'माझी मदत कर' म्हणू लागली, वगैरे. या सगळ्या तक्रारी मला मान्य आहेत. पण एका सुंदर वाक्प्रचाराचा आपल्या डोळ्यांदेखत खून झाला आणि कुठल्याही संमेलनात त्याबद्दल साधा दुखवट्याचा ठराव झाला नाही, याचं मला वाईट वाटतं. तो वाक्प्रचार म्हणजे 'तब्येत सुधारली'.

माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीनंतर पोरगं मामाकडून परत आलं, की शेजारच्या काकू त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "तब्येत सुधारली हो याची!" हे ऐकून आई धन्य व्हायची. लग्नाच्या मुलाचं वर्णन 'खात्यापित्या घरचा' असं करत, आणि ते खाणंपिणं कुठे दिसतंय हे सांगावं लागत नसे. समाजात माणसाला वजन असावं लागे, कचेरीत वजन खर्च करता येई, आणि सभेत वजनदार माणसाला पहिल्या रांगेत खुर्ची मिळे. आज तुम्ही कोणाला "तब्येत सुधारलीय हं तुमची" असं म्हणून पाहा. पुरुष असेल तर पोट आत घेईल. बाई असेल तर ती तुमच्याकडे पुन्हा हळदीकुंकवाला येणार नाही.

हा बदल विशीपंचविशीतल्या मंडळींपुरता राहिला असता तर मी तोंड उघडलं नसतं. त्यांची लग्नं व्हायची असतात. माझा झगडा आहे तो साठी उलटलेल्यांच्या काट्याशी. उभा जन्म ज्यांनी संसाराचं ओझं उचललं, त्यांना उतारवयात स्वतःचंच ओझं दर सोमवारी मोजायला लावायचं, वर त्या आकड्यावरून त्यांचा स्वभाव, संयम आणि संस्कार ठरवायचे, याला काय म्हणावं?

आम्ही बाळकुमला राहतो. बाळकुम पूर्वी ठाण्याच्या पलीकडे होतं; आता ठाणंच बाळकुमच्या पलीकडे गेलं आहे. जुन्या आग्रा रोडवरचं, कशेळीच्या खाडीपुलाच्या अलीकडचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आहेत आणि दोन्ही अंगांना मनोरे आहेत. प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी बागेला वळसा घालणारी एक फरसबंद वाट असते. तिला 'जॉगिंग ट्रॅक' म्हणतात. तिच्यावर जॉगिंग करताना मी अद्याप कोणाला पाहिलेलं नाही. सकाळी सहा ते साडेसात आम्ही ज्येष्ठ नागरिक तिथे चालतो आणि एकमेकांचं वजन करतो.

या ट्रॅकवर दोन पक्ष आहेत: काटा पक्ष आणि ताट पक्ष.

काटा पक्षाच्या घरोघरी काचेचे वजनकाटे आहेत. पूर्वी वजनाचं यंत्र फक्त रेल्वे स्टेशनवर असायचं. लाल-निळे दिवे लुकलुकायचे, नाणं टाकलं की आतून खडखडाट व्हायचा आणि पुठ्ठ्याचं एक तिकीट बाहेर पडायचं. त्याच्या एका बाजूला नटीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला वजन, सोबत भविष्य. वजन काहीही येवो, 'तुम्ही उदार मनाचे असून लवकरच धनलाभ होईल' हे ठरलेलं. इतक्या सौजन्याने वजन सांगणारं यंत्र पुन्हा झालं नाही. आताचा घरचा काटा नुसतं वजन सांगून थांबत नाही. तो चिरंजीवांच्या मोबाईलमध्ये चुगली करतो. मग पुण्याहून चिरंजीवांचा फोन येतो, "बाबा, या आठवड्यात चारशे ग्रॅम वाढलं. काय खाल्लंत?" आमच्या वडिलांनी कधी माझा प्रगतिपुस्तकातला नंबर इतक्या तातडीने विचारला नव्हता.

काटा पक्षाचा वेद म्हणजे बीएमआय. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं आणि येईल त्या आकड्यापुढे मान तुकवायची. आता हा आकडा कोणी काढला? बेल्जियममधल्या आदोल्फ केतले नावाच्या गृहस्थाने, १८३२ च्या सुमारास. हा गृहस्थ वैद्य नव्हता. तो खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचा माणूस. त्याला शोधायचा होता 'सरासरी माणूस'. आमच्या डाव्या बाजूला राहणाऱ्या आप्पांना मधुमेह आहे की नाही, हे त्याला शोधायचंच नव्हतं. पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या ॲन्सेल कीज यांनी या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव दिलं. त्यांनी ज्यांची मापं तपासली ते सगळे पुरुष होते. त्या आकड्यापायी आज बाळकुमच्या निम्म्या आज्या भात सोडून बसल्या आहेत.

बरं, या आकड्याच्या रेषा तरी पक्क्या असाव्यात! अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषाला २७.८ च्या पुढे गेल्याशिवाय जाड म्हणत नसत. त्या साली ती रेषा २५ वर आणली आणि कोट्यवधी अमेरिकन माणसं एक घासही जास्त न खाता जाड झाली. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती आणखी खाली, २३ वर ओढली. म्हणजे चोवीसचा माणूस न्यूयॉर्कला विमानात बसताना सडसडीत असतो आणि मुंबईला उतरताना जाड असतो. विमानातलं जेवण इतकं पौष्टिक असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आपली रेषा खाली ओढायला मात्र सबळ कारण होतं, आणि ते ताट पक्षाने कान देऊन ऐकावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फोटोत दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. काटा पक्षाच्या हिशेबी दोघे जुळे भाऊच. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा साहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. वजनाने ती विलायती बाळांहून बरीच हलकी, पण चरबीच्या बाबतीत फारशी मागे नाहीत. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटाशी जपून ठेवलेली, ही आपली जन्मजात ठेवण. तेव्हा बारीक दिसणारा मराठी माणूस बारीक असतोच असं नाही. तो गुपचूप जाड असतो. हे गुपित काट्याला कळत नाही आणि आरशालाही कळत नाही.

इथे ताट पक्षाच्या बाकावर टाळ्या पडतील. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? आकडे सगळे खोटे. आण गं ती बासुंदी!" जरा थांबा. आता तुमच्याकडे वळतो.

ताट पक्षाचा सगळा युक्तिवाद आजोबांवर उभा असतो. "आमचे आजोबा पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून घ्यायचे, नव्वद वर्षं जगले." असतील. पण आजोबा शेतावर चालत जायचे, विहिरीचं पाणी ओढायचे, तालुक्याच्या गावाला पायी जाऊन यायचे. इथल्या जुन्या कोळ्यांनी भरतीच्या पाण्यात होड्या वल्हवल्या. आपण लिफ्टने खाली उतरून दूध आणत होतो, तर आता दूधच लिफ्टने वर येतं. आजोबांचं तूप वारसाहक्काने घेतलंत. आजोबांचं शेत कोणाच्या नावावर लावायचं?

शिवाय ताट पक्षाचा हिशेब फार सोयीचा असतो. दिवाळीतला एक लाडू खाल्ला की तो महिनाभर बोलून दाखवणार, पण रोजचा चहा हिशेबात धरणार नाही. धरू या. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला चार ग्रॅम. झाली बत्तीस ग्रॅम. महिन्याला जवळजवळ एक किलो, वर्षाला साडेअकरा किलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. म्हणजे लाडू, जिलबी, श्रीखंड तोंडात पडण्याआधीच नुसत्या चहाने कोटा संपवला. त्यात चहाबरोबरची बिस्किटं, खारी आणि 'तोंडात टाकायला काहीतरी' म्हणून डब्यातून मूठमूठ काढलेलं फरसाण धरलेलंच नाही. हे सगळं उभ्याने, ओट्यापाशी, कोणी बघत नसताना खाल्लं जातं. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही अशी आपली समजूत आहे.

या दोन पक्षांत घरंच्या घरं फुटली आहेत. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद असा पेटला होता, की लग्नाच्या बैठकीत कुंडलीऐवजी आहारपद्धत जुळवायची वेळ आली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, कडकडून भूक लागेल तेव्हा दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका आणि मध्ये काही तोंडात टाकू नका. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, आपलं घरचं, मोसमातलं, थोडं थोडं खा आणि तुपाला भिऊ नका. दोघांची पुस्तकं लोकांनी घेतली. आमच्या ओळखीच्या एका घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर; एका स्वयंपाकघरात दोन पंचांगं. आणि ट्रॅकवर असेही महाभाग आहेत, जे दीक्षितांची दोन जेवणं जेवतात आणि मधल्या वेळात दिवेकरांचं थोडं थोडं खातात.

इथवर हसण्यासारखं आहे. आता हसू येत नाही ते सांगतो.

आमच्या समोरच्या विंगमध्ये एक काकू आहेत. वय एकाहत्तर. जन्मभर अंगाने भरलेल्या. लग्नात सासूने, मग नणंदांनी, मग सुनेने आणि शेवटी नातवाने त्यांना त्यावरून चिडवलं. कोणी दुष्टपणाने नव्हे, आपलं गमतीने. मागच्या वर्षी पाच महिन्यांत काकूंचं वजन नऊ किलोंनी उतरलं. ट्रॅकवर नुसता जयजयकार झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी त्यांना घेरून विचारलं, "काय करता हो काकू? आम्हालाही सांगा." काकूंनी काहीच केलं नव्हतं. पण इतक्या जणी कौतुकाने विचारतायत म्हटल्यावर काहीतरी सांगायला हवं, म्हणून त्यांनी "रात्रीचा भात सोडला" असं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून सहा घरांतला रात्रीचा भात बंद झाला.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं, तेव्हा साखर साडेतीनशेच्या वर निघाली. रात्री चारचारदा उठणं, घशाला कोरड पडणं, हे सगळं महिनोन् महिने चालू होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, एवढं वजन उतरत होतं तर आधी का नाही आलात?" त्यावर काकू म्हणाल्या, "डॉक्टर, जन्मात पहिल्यांदा मला सगळे छान म्हणत होते."

हे वाक्य मी ऐकलं, आणि काटा पक्षावरचा माझा राग थट्टेवारी न्यायच्या पलीकडे गेला. उतारवयात काही न करता वजन उतरू लागलं, तर ती अभिनंदनाची गोष्ट नसून डॉक्टरांकडे जायची सूचना असते. मधुमेह असेल, क्षय असेल, थायरॉईड असेल, आणखीही काही वाईट असू शकेल. आणि आपण त्या दुखण्याला हार घालून पेढे वाटतो. आता काकू औषधं घेतात, बऱ्या आहेत. गेलेलं दोन किलो वजन परत आलं. तर परवा ट्रॅकवर एक जण म्हणालेच, "काकू, पुन्हा सुटलात हो!"

दुसरी गोष्ट आमच्या थोरल्या मेहुण्यांची. वय एकोणसत्तर. त्यांनी मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपलं पोट पाहिलं आणि नातीच्या बारशापर्यंत ते घालवायचा पण केला. नुसती सुपं आणि काकड्या. बारा किलो उतरवले. बारशाला नवा सदरा, नवा पट्टा, सगळे वाहवा करतायत. नातीला मांडीवर घ्यायला सतरंजीवर बसले ते बसलेच. उठता येईना. एकाने काखेत धरलं, दुसऱ्याने कमरेला धरलं, तेव्हा उभे झाले.

बारा किलो गेले त्यात चरबी किती आणि मांस किती, हे काट्याला विचारा. काटा गप्प. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांनी थोडे थोडे झिजतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. या झिजेला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने सार्कोपेनिया असं नाव दिलं. 'मांसाचं दारिद्र्य' असा त्या ग्रीक शब्दांचा अर्थ. व्यायाम आणि डाळ-दूध-अंडी-मासळी सोडून नुसती उपासमार केली, की आधीच दारिद्र्यात असलेल्या घरावर दरोडा पडतो. पासष्टीच्या पुढच्या सुमारे दोन लाख माणसांच्या माहितीचा एकत्र अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत कमी मृत्यू जरा भरलेल्या माणसांत दिसले, सुकलेल्यांत जास्त. ती माणसं बहुतेक पाश्चात्त्य मुलखातली. त्यांचा आकडा आपल्या पोटाला जसाच्या तसा लावायचा नाही. पण म्हातारपणी वाळकी काकडी होणं म्हणजे आरोग्य नव्हे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

ब्राझीलमध्ये क्लाउदियो जिल आराउझो यांच्या चमूने ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांची परीक्षा घेतली. परीक्षा अशी: जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की एकेक गुण वजा. ज्यांना गुण कमी, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. अहो, ही परीक्षा आपल्याकडे प्रत्येक मुंजीला होत होती! पंगतीत मांडी घालून बसायचं, बुंदीचे दोन लाडू रिचवायचे आणि एका हातात उष्टं ताट सांभाळत, दुसरा हात न टेकता उठायचं. जो उठला तो पुढच्या लग्नसराईपर्यंत पास. आपण बुफे आणला आणि लाडू चालू ठेवून परीक्षा तेवढी रद्द केली.

आणि हे सगळं कशासाठी? तर दिसण्यासाठी! साठीनंतर तुम्हाला बघतंय कोण, असा माझा साधा सवाल आहे. नातवंडांना आजीची मांडी मऊ लागते. त्यांनी कधी तिच्या कमरेबद्दल तक्रार केलेली नाही. दर भाद्रपदात आपण लंबोदराला वाजतगाजत घरी आणतो, एकवीस मोदकांचं ताट त्याच्यापुढे ठेवतो, आणि "बाप्पा, यंदा जरा सुटलात" असं म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. मग शेजारच्या आप्पांनी काय घोडं मारलंय?

म्हणून आमच्या सोसायटीच्या उपविधींत चार कलमं घालावीत अशी माझी सूचना आहे. मंजूर होईल अशी आशा नाही. पार्किंगच्या पुढे आमची वार्षिक सभा अजून गेलेली नाही.

कलम पहिलं: गोड खायचं ते बसून, बशीत घेऊन, सगळ्यांदेखत, चवीने खावं. उकडीचा मोदक गणपतीत खावा, पुरणपोळी होळीला खावी. ज्यांना साखरेचं दुखणं आहे त्यांनी डॉक्टरांशी ठरवून अर्धा खावा, पण चोरून खाऊ नये. चोरून खाल्लेल्याची चव लागत नाही, म्हणून माणूस दुसरा खातो. बाकी वर्षभराचा बंदोबस्त चहाच्या चमच्यापासून सुरू करावा.

कलम दुसरं: आग्रह बंद. "एका लाडवाने काय होतंय" असं म्हणणाऱ्याने समोरच्याच्या औषधांचं बिल वर्षभर भरावं.

कलम तिसरं: दुसऱ्याच्या अंगावर शेरा मारायचा नाही. 'सुटलात' नाही आणि 'बारीक झालात' असं कौतुकही नाही. कोणी झपाट्याने उतरलेलं दिसलं तर त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जावं.

कलम चौथं: दुसऱ्याचं माप काढण्याआधी प्रत्येक सभासदाने स्वतःचं माप काढावं. शिंप्याची टेप घ्यावी, कमरेभोवती धरावी. पुरुषांना नव्वद सेंटीमीटर, बायकांना ऐंशी. मग जमिनीवर बसून उठून दाखवावं. माप घेताना श्वास सोडलेला असावा. पोट आत ओढून घेतलेलं माप कमिटी ग्राह्य धरणार नाही.